पी ०३४० : सेन्सर बदलण्याआधी

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. पुण्याहून निघून खंबाटकीचा घाट चढेपर्यंत कसलीही कुरकुर नाही. पुढे चहाला थांबायचं, वीस मिनिटांनी येऊन चावी फिरवायची, तर इंजिन नुसतंच फिरत राहतं, पेट घेत नाही. बॅटरी ठणठणीत असते, टाकीत पेट्रोल असतं. बॉनेट उघडलं की चार अनोळखी माणसं जमतात आणि पाच मतं देऊन जातात. अर्ध्या तासाने, कोणी कशालाही हात लावलेला नसताना, गाडी पुन्हा सुरू होते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तेवढा मागे राहतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पडद्यावर उमटतं : पी ०३४०. मेकॅनिक म्हणतो, ‘कॅम सेन्सर गेलाय, नवीन टाकू.’

बरेचदा त्याचं बरोबरही निघतं. पण पी ०३४० या कोडात ‘सेन्सर गेलाय’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. ‘कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड’ एवढाच त्याचा अर्थ. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याच्या वायरी आहेत, कप्लर आहे, इंजिनावरून फिरत जाणारा वायरिंगचा जुडगा आहे आणि दुसऱ्या टोकाला इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू आहे. कोड ही पोलीस ठाण्यात नोंदवलेली फिर्याद असते. आरोपी कोण, ते तपासात ठरायचं असतं. आपल्याकडे तपास वगळून थेट शिक्षा होते, आणि ती दर वेळी सेन्सरलाच.

हा सेन्सर लागतोच कशाला, हे आधी पाहू. चार-स्ट्रोक इंजिनात हवा आत ओढणं, ती दाबणं, स्फोटाच्या जोरावर पिस्टन खाली ढकलणं आणि जळका वायू बाहेर टाकणं हे एक आवर्तन पुरं व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात, म्हणजे ७२० अंश. व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट तेवढ्याच वेळात एक फेरा घेतो. टायमिंग चेन किंवा बेल्ट त्याचा वेग क्रँकच्या बरोबर निम्मा ठेवते.

क्रँकशाफ्टलाही सेन्सर असतो. पुष्कळ गाड्यांत त्याच्यासमोर ६० दातांच्या हिशेबाने कापलेलं एक चक्र फिरतं आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. उरलेले ५८ दात सेन्सरसमोरून गेले की एक मोकळी जागा येते. त्या जागेवरून कंप्युटरला खूण पटते आणि पुढे दर दाताला सहा अंश मोजत तो क्रँकची जागा ओळखतो. वेगही त्यावरूनच कळतो. एक गोष्ट मात्र क्रँक सेन्सरला कधीच कळू शकत नाही. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एका आवर्तनात दोनदा वर टोकाला येतो. एकदा हवा दाबून पेटायच्या तयारीत, आणि एकदा धूर बाहेर ढकलत. क्रँकच्या चक्रावर दोन्ही वेळा तेच दात आणि तीच मोकळी जागा. हा पिस्टन नेमका कोणत्या कामासाठी वर आला आहे, ते कॅमशाफ्टच सांगू शकतो, कारण आवर्तनात एकदाच फिरणारा तोच आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत हा प्रश्न कधी उद्भवला नाही. तिचा डिस्ट्रिब्युटर, जुन्या मेकॅनिकांचा ‘डेल्को’, कॅमशाफ्टवरूनच फिरायचा. त्यातला रोटर आपोआप निम्म्या वेगाने फिरे आणि योग्य सिलिंडरच्या प्लगकडे ठिणगी पाठवे. कार्ब्युरेटरला तर सिलिंडरांच्या पाळीशी काही देणंघेणंच नव्हतं. जो ओढेल त्याला पेट्रोल मिळे. पुढे धुराचे नियम कडक झाले, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आणि पुढे स्वतंत्र कॉइल आली, डेल्को गेला, आणि तो जी माहिती न बोलता पुरवत होता ती आता कोणीतरी विजेच्या भाषेत सांगणं भाग पडलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३च्या ऑक्टोबरात उतरली. तोवर बाकीच्या गाड्यांत हे काम अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

या कामातली घाई किती असते? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला १८,००० अंश फिरतो. एक अंश सरकायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी साधारण ५५ भाग पुरतात. ठिणगी दोन-चार अंश पुढेमागे झाली तरी पिकअप आणि ॲव्हरेज यांच्यात फरक पडतो. इतकं बारीक मोजमाप क्रँक सेन्सर करतो. कॅम सेन्सरचं काम त्या मानाने ढोबळ आहे, पण त्याच्यावाचून मोजणी सुरू कुठून करायची तेच ठरत नाही.

आणि तरीही कॅम सेन्सर बंद पडला म्हणून गाडी जागच्या जागी बसेलच असं नाही. गाडी चालू असताना त्याने मान टाकली तर कित्येक गाड्यांत चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कंप्युटरने सुरुवातीला पाळी एकदा ओळखलेली असते, पुढे तो क्रँकचे फेरे मोजत राहतो. दिवा लागतो, पण गाडी पळते. खरी अडचण येते पुढच्या सेल्फला. तेव्हा काही गाड्यांचा कंप्युटर चक्क अंदाज बांधतो. दोन शक्यतांपैकी एक धरून तो इंधन आणि ठिणगी सोडतो. इंजिनाने वेग घेतला तर अंदाज बरोबर. नाही घेतला तर ३६० अंश सरकून दुसरा प्रयत्न. अशा गाड्या एकदा पहिल्या सेल्फला सुरू होतात, एकदा चौथ्याला, आणि मालक म्हणतो, ‘कधी होते, कधी होत नाही, काही नेम नाही.’ नेम असतो, पण तो कंप्युटरच्या आतला असतो. इतर काही गाड्या एका वेळी दोन सिलिंडरांत ठिणगी टाकून वेळ मारून नेतात. तिथे एक ठिणगी वाया जाते, दुसरी कामी येते. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ चालत्या गाडीत मागेपुढे करायची सोय आहे, तिथे कंप्युटर ती सोयच बंद करून टाकतो. मग घाटात गाडी ओढत नाही आणि दोष पेट्रोलला दिला जातो.

क्रँक सेन्सर गेला तर मात्र बहुतेक इंजिनं साफ गप्प होतात. घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहावं. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरच पडून आहे, असं दिसलं तर संशयाची सुई कॅमकडून क्रँककडे वळवावी. सगळ्याच गाड्यांत काटा सेल्फच्या वेळी हलतो असं नाही, पण ज्यांत हलतो त्यांत ही खूण चांगली उपयोगी पडते.

आता सेन्सरच्या पोटात शिरू. आजचे बहुतेक कॅम सेन्सर हॉल परिणामावर चालतात, आणि त्यांची कथा मोटारीच्याही आधीची आहे. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी एका वाक्यावर अडून बसला होता. चुंबकाचं बल विजेच्या प्रवाहावर पडत नाही, तो प्रवाह वाहून नेणाऱ्या तारेवर पडतं, असं खुद्द मॅक्सवेलने आपल्या ग्रंथात लिहिलं होतं. हॉलला ते पटेना. त्याचे प्राध्यापक हेन्री रोलंड यांनाही शंका होतीच. हॉलने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, त्यातून वीज सोडली आणि तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरला. वर्खाच्या दोन कडांमध्ये, प्रवाहाला आडवा, बारीकसा विद्युतदाब उत्पन्न झाला. चुंबक प्रवाहालाच एका कडेला ढकलत होता. तो प्रवाह ज्यांचा बनलेला असतो त्या इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती.

वर्खच का? कारण पट्टी जितकी पातळ, तितका हा आडवा दाब जास्त. आणि पट्टीत वीज वाहणारे कण जितके विरळ, तितकाही तो वाढतो. धातूंत असे कण खच्चून भरलेले असतात, म्हणून हॉलला मिळालेला दाब अगदी नगण्य होता. अर्धवाहकांत ते विरळ असतात. त्यामुळे सिलिकॉनची चिप हाताशी आल्यावर हा परिणाम प्रयोगशाळेतून बाहेर पडला. कॅम सेन्सरच्या टोकाशी अशी चिप असते आणि तिच्या पाठीमागे छोटा चुंबक. कॅमवरच्या चक्राचा दात समोर आला की चुंबकाचं क्षेत्र बदलतं, दाब बदलतो, आणि चिपमधलंच सर्किट त्याचं स्वच्छ ‘आहे’ किंवा ‘नाही’ करून टाकतं. वायरी तीन : पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. जुन्या धाटणीचे सेन्सर दोन वायरींचे असतात. त्यांत चुंबकाभोवती तारेचं वेटोळं असतं आणि दात वेगाने गेला तरच दाब उत्पन्न होतो. सेल्फच्या मंद फेऱ्यांत तो जेमतेम असतो.

वायरींची ही संख्या तपासायला घेताना फार महत्त्वाची आहे. दोन वायरींच्या सेन्सरचा ओहम मोजता येतो, वेटोळं तुटलंय की नाही ते कळतं. तीच सवय तीन वायरींच्या सेन्सरलाही लावली जाते, आणि तिथे मिळणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. चिपचा ओहम मोजून ‘मेला’ ठरवलेले कितीतरी धडधाकट सेन्सर गॅरेजच्या मागच्या भंगारात पडलेले असतील.

घाटानंतरच्या त्या चहाच्या थांब्याचं कोडं आता सुटतं. गाडी चालू असताना पाणी फिरत असतं, रेडिएटरवर वारा असतो, हेडची उष्णता वाहून नेली जाते. चावी बंद केली की पंप थांबतो. हेडमधल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आजूबाजूच्या भागांत झिरपते. म्हणून थांबल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालचे काही भाग चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. जुन्या सेन्सरमध्ये प्लॅस्टिक वेगळ्या प्रमाणात फुगतं, तांबं वेगळ्या. सोल्डरच्या सांध्यात केसाएवढी चीर पडलेली असेल तर ती नेमकी याच वेळी उघडते. थंड झालं की चीर मिटते आणि गाडी निमूट सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत रोगी बरा झालेला असतो, हीच या बिघाडातली सगळ्यात मोठी कटकट.

तेव्हा तपास कसा करायचा? पहिलं काम, कोड पुसायचा नाही. कोड नोंदला जातो त्या क्षणी कंप्युटर इंजिनाचा वेग, पाण्याचं तापमान, गाडीचा वेग असे आकडेही गोठवून ठेवतो. बिघाडाच्या वेळी पाणी ९५ अंशांवर होतं की ३० अंशांवर, एवढ्यावरून अर्धा तपास होतो. कोड पुसला की पुरावाही पुसला जातो. ‘आधी कोड उडवून बघू, परत आला तर बघू’ हे वाक्य ऐकलं की त्या माणसाचा हात धरावा.

दुसरं काम डोळ्यांचं. कप्लर काढून आत पाहायचं. तेल झिरपून आत गेलंय का, पिना मागे सरकल्यात का. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. वायरिंगचा जुडगा एखाद्या ब्रॅकेटवर घासून सोलला गेलेला असतो आणि धक्का बसला की तेवढ्यापुरता अर्थ होतो. गाडी चालू ठेवून जुडगा हळूहळू हलवत गेलं आणि एका जागी इंजिनाने मिसिंग केलं, तर ती जागा सापडली.

मग मल्टिमीटर. कप्लर सेन्सरपासून वेगळा, चावी ऑन, इंजिन बंद. वायरिंगच्या बाजूला पुरवठ्याच्या पिनवर गाडीप्रमाणे पाच किंवा बारा व्होल्ट मिळायला हवेत. तिथे काहीच नसेल तर सेन्सरची चौकशी तिथेच थांबवावी. पाच व्होल्टचा पुरवठा कित्येक गाड्यांत अनेक सेन्सरांत वाटून दिलेला असतो. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाऊन टाकतो आणि कोड मात्र कॅमचा येतो. अशा वेळी बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जायचं. ज्याचा कप्लर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

सिग्नलच्या वायरीवरची चाचणी मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. सेन्सर काढलेला असतानाही त्या वायरीवर बहुतेक गाड्यांत पाच व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. सेन्सर तर टेबलावर पडलाय, मग हा दाब येतो कुठून? तो कंप्युटर पाठवतो. हॉल सेन्सर स्वतः दाब निर्माण करून पाठवत नाही. कंप्युटरने वर धरलेली वायर तो ठरावीक वेळी अर्थला जोडतो आणि सोडतो, एवढंच. कंप्युटर ही चढउतार मोजतो. म्हणजे कप्लरवर पाच व्होल्ट दिसले, की वायर तुटलेली नाही, ती कुठे अर्थला टेकलेली नाही आणि कंप्युटरचं ते दार उघडं आहे, या तिन्ही गोष्टी एका आकड्याने सिद्ध होतात. शून्य आलं तर सेन्सर निर्दोष असण्याची शक्यता एकदम वाढते. अर्थची वायर मात्र कप्लर जोडून तपासावी. चावी ऑन असताना तिच्यावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर अर्थ कच्ची आहे.

हे सगळं ठीक निघालं तरच सेन्सरकडे वळायचं. कप्लर जोडून, सिग्नलच्या वायरीला मागून पिन लावून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना घालून इंजिन हाताने फिरवायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चावीला हात लावायला दुसरं कोणी जवळ नको. आकडा पाचवरून शून्याजवळ आणि पुन्हा पाचवर उडी मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. चालू इंजिनावर मल्टिमीटर सरासरी दाखवतो, दोन-अडीच व्होल्ट वगैरे; त्यावर भरवसा ठेवू नये. तिथे ऑसिलोस्कोप हवा. क्रँक आणि कॅम या दोघांची चित्रं एकाखाली एक आली की शंभरातला एक गळलेला ठोकाही दिसतो. आणि तापल्यावरच रुसणारा सेन्सर पकडायला घरातला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. चालू इंजिनावर सेन्सर गरम करत जायचं. चित्र तुटलं की आरोप सिद्ध.

यापेक्षा गंभीर प्रकार वेगळाच आहे. कोड पी ०३४१ किंवा पी ००१६ असेल तर त्याचा रोख ‘सिग्नल येतो, पण जुळत नाही’ असा असतो. सेन्सर तेव्हा बहुधा खरं बोलत असतो. टायमिंग चेन ताणली गेली आहे, बेल्टचा एखादा दात उडी मारून गेला आहे, किंवा वेळेवर न बदललेल्या तेलाच्या गाळाने कॅमची वेळ बदलणारा व्हॉल्व्ह अडकला आहे. इथे नवा सेन्सर बसवणं म्हणजे नुसता खर्च नव्हे, तर धोका आहे. चेन आणखी सरकली तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. थंड इंजिन सुरू होताना पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल आणि सोबत हे कोड असतील, तर आधी चेन तपासून घ्यावी.

प्रत्यक्ष बदलायचं काम त्या मानाने किरकोळ. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, बहुतेक वेळा दहा नंबरचा एकच बोल्ट. सेन्सर सरळ ओढायचा नाही, आधी डावी-उजवीकडे फिरवून सैल करायचा. वर्षानुवर्षं तापलेलं प्लॅस्टिक तुटतं आणि टोक आत राहतं. काढलेल्या सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर तो कुठून आला याचाही विचार करावा. नव्याच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावायचं. टोक आणि दात यांच्यातलं अंतर साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ओ-रिंग नीट न बसता सेन्सर तिरका राहिला तरी सिग्नल बिघडतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सेन्सरांत काही चांगले असतात, पण काहींचा ठोका काही अंशांनी पुढेमागे पडतो. मग नवा सेन्सर टाकूनही पी ०३४१ येतो आणि सगळे चक्रावतात. वायरच तुटलेली असेल तर ती पिळून काळी टेप गुंडाळणं हा इलाज पहिल्या पावसापुरता. सोल्डर किंवा क्रिम्प करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधावी.

आपल्याकडे तपास का होत नाही, याचा सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणं बरोबर नाही. सेन्सरचं बिल लावता येतं, त्यावर मजुरी घेता येते. दीड तास मल्टिमीटर घेऊन बसून ‘सेन्सर चांगला आहे, कप्लरची पिन सैल होती’ असं सांगितलं, तर गिऱ्हाईक विचारतं, ‘मग पैसे कसले?’ तपासाची फी मागायची लाज आणि द्यायची नाखुशी, यातून सुटे भाग बदलत बसण्याचा शिरस्ता पडलाय. सेन्सर, मग कॉइल, मग पंप. तिसऱ्या फेरीत कधीतरी हात चुकून त्या कप्लरला लागतो आणि गाडी सुरळीत होते.

दुरुस्ती झाल्यावर दिव्याचं काय? तपासून पुन्हा बिघाड आढळला नाही, तर सलग तीन फेऱ्यांनंतर तो आपण होऊन विझतो. कोड मात्र आठवणीत राहतो आणि इंजिन साधारण चाळीस वेळा गार-गरम झाल्यावर पुसला जातो. स्कॅनरने पुसला तर तो लगेच जातो, पण त्याबरोबर कंप्युटरने स्वतःच्या तपासण्यांचा ठेवलेला हिशेबही कोरा होतो, आणि तो पुन्हा भरायला काही दिवसांचं चालवणं लागतं. जुनी गाडी विकत घ्यायला गेलात, दिवा विझलेला आहे, एकही कोड नाही, पण स्कॅनर बहुतेक तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतोय, तर काल-परवाच कोणीतरी कोड उडवलेत किंवा बॅटरी काढलेली आहे. तेव्हा ती गाडी एक दिवस मागून घ्या, घाटातून फिरवून आणा, वीस मिनिटं बंद ठेवा आणि मग चावी फिरवून पाहा.